पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेत पित्तनलिकेला इजा झाली: हा निष्काळजीपणा ठरतो का, आणि तो सिद्ध कसा करावा?

पर्वती_पायथा यांचा प्रश्न

नमस्कार. माझ्या आईचे वय ५८ आहे. १४ महिन्यांपूर्वी पुण्यातल्या एका खासगी रुग्णालयात तिच्या पित्ताशयाची दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झाली. पित्ताशयात खडे होते आणि वर्षभरात दोनदा असह्य दुखणे उठले होते, त्यामुळे शस्त्रक्रिया करावी की नाही याबद्दल आमच्या मनात तेव्हाही शंका नव्हती आणि आजही नाही.

सोमवारी शस्त्रक्रिया झाली. मंगळवारी रात्रभर आईचे पोट दुखत होते, तिला हिरवट उलटी झाली, आणि रात्रपाळीच्या सिस्टरांना मी ते सांगितले होते. तरीही बुधवारी सकाळी तिला घरी सोडण्यात आले. गुरुवारी पोट फुगले तेव्हा आम्ही रुग्णालयात दोनदा फोन केला. शस्त्रक्रियेच्या वेळी पोटात हवा भरतात, ती निघून जायला वेळ लागतो, असे उत्तर दोन्ही वेळा मिळाले. शनिवारी सकाळी खिडकीपाशी बसवून मी तिची वेणी घालत होते, तेव्हा तिच्या डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा झालेला मला दिसला. आम्ही तिला त्याच रुग्णालयात नेले, सोनोग्राफीत पोटात पाणी झाल्याचे दिसले, आणि रविवारी आम्ही तिला दुसऱ्या मोठ्या रुग्णालयात हलवले. मुख्य पित्तनलिकेला इजा होऊन पित्त पोटात गळत आहे, हे तिथे कळले. पोटात नळी घातल्यावर तासाभरात खाटेला लटकवलेल्या पिशवीत गडद हिरवे पाणी सव्वा लिटरच्या खुणेपर्यंत चढले. पुढे दुर्बिणीतून स्टेंट टाकला, २१ दिवस मुक्काम झाला आणि तीन महिन्यांनी पित्तनलिका आतड्याला जोडण्याची मोठी शस्त्रक्रिया करावी लागली. आता आई हिंडू-फिरू लागली आहे. पहिल्या रुग्णालयाला आम्ही ९५ हजार रुपये दिले होते. दुसऱ्या रुग्णालयाचा दोन्ही वेळचा खर्च साडेनऊ लाखांवर गेला.

पहिल्या डॉक्टरांना आम्ही भेटलो. "हा या शस्त्रक्रियेतला ज्ञात धोका आहे आणि तुम्ही फॉर्मवर सही केली आहे," असे ते म्हणाले. तो फॉर्म इंग्रजीत होता आणि त्यावर माझ्या भावाची सही आहे. आई तेव्हा पूर्ण शुद्धीत, समोरच्याच खाटेवर बसलेली होती. तिला कोणी काही विचारले नाही.

हे ज्ञात धोक्यात बसते की निष्काळजीपणात? आमच्या घरात कोणी वैद्यकीय शिक्षण घेतलेले नाही, तर आम्ही हे सिद्ध कसे करणार? काही नातेवाईक पोलिसांत जा म्हणतात, काही ग्राहक आयोगात. डॉक्टरांचा परवाना जावा अशी माझी इच्छा नाही. आईने भोगले त्याचा जाब मात्र कोणीतरी द्यावा असे मला मनापासून वाटते.

शिवाजीनगर_वकील यांचे उत्तर

ताई, आई हिंडू-फिरू लागल्या आहेत हे वाचून बरे वाटले. मी ग्राहक आयोगांपुढे दोन्ही बाजूंनी, म्हणजे कधी रुग्णांच्या तर कधी डॉक्टरांच्या वतीने, काम करतो. कागद पाहिल्याशिवाय आपली बाजू भक्कम आहे किंवा नाही असे सांगणे बरोबर होणार नाही. पण आयोग हा प्रश्न कसा तपासतो ते सांगता येईल.

परिणाम वाईट झाला, एवढ्यावरून निष्काळजीपणा सिद्ध होत नाही. रुग्ण शस्त्रक्रियेच्या टेबलावर दगावला तरी तेवढ्यावरून डॉक्टरांचा दोष गृहीत धरता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली पुन्हा एकदा सांगितले आहे. तक्रारदाराला चार गोष्टी दाखवाव्या लागतात: डॉक्टरांवर रुग्णाची काळजी घेण्याचे कर्तव्य होते, ते पार पाडताना अपेक्षित काळजी घेतली गेली नाही, रुग्णाचे नुकसान झाले, आणि ते नुकसान त्याच कसुरीमुळे झाले. पहिल्या आणि तिसऱ्या गोष्टीवर सहसा वाद होत नाही. बहुतेक तक्रारी दुसऱ्या किंवा चौथ्या गोष्टीवर पडतात, आणि माझ्या अनुभवात चौथीवर पडणाऱ्या अधिक.

कर्तव्याविषयीचा देशभर उद्धृत होणारा एक निकाल मूळचा पुण्यातला आहे. १९५३ साली कोकणात पालशेतच्या समुद्रकिनाऱ्यावर एका तरुणाचे मांडीचे हाड मोडले आणि त्याला उपचारांसाठी पुण्यात आणले गेले. पुरेशी भूल न देता, माणसांच्या मदतीने जोर लावून हाड बसवले गेले, आणि त्या धक्क्याने तो दगावला, असा निष्कर्ष न्यायालयांनी काढला. लक्ष्मण बाळकृष्ण जोशी विरुद्ध त्र्यंबक बापू गोडबोले या नावाने तो खटला ओळखला जातो आणि सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १९६८ सालचा आहे. रुग्ण हाती घ्यावा की नाही हे ठरवताना, कोणता उपचार द्यावा हे ठरवताना आणि तो उपचार प्रत्यक्ष देताना, अशा तिन्ही टप्प्यांवर डॉक्टरांनी काळजी घेतली पाहिजे, असे त्यात म्हटले आहे. आपल्या प्रकरणात पहिले दोन टप्पे वादाचे नाहीत; आपण स्वतःच तसे लिहिले आहे. प्रश्न तिसऱ्या टप्प्याचा आहे, आणि तो टप्पा सोमवारी टाके घातल्यावर संपत नाही. बुधवारी घरी सोडणे आणि गुरुवारी फोनवर दिलेले उत्तर हेसुद्धा उपचारातच मोडते.

काळजी अपुरी होती हे कोणत्या मापाने मोजायचे? इंग्लंडमध्ये १९५७ साली बोलम खटल्यात ठरलेली कसोटी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली जेकब मॅथ्यू प्रकरणात स्वीकारली. त्या विषयातला साधारण कुशल डॉक्टर त्या परिस्थितीत जसा वागला असता तसे हे डॉक्टर वागले का, एवढेच तिथे पाहिले जाते. दोन मान्य पद्धतींपैकी एक निवडली म्हणून दोष येत नाही, आणि निर्णयातली प्रत्येक चूक म्हणजे निष्काळजीपणा नव्हे. मात्र जे कोणताही सक्षम डॉक्टर केल्यावाचून राहिला नसता ते केले गेले नाही, असे दिसले की डॉक्टरांचा बचाव ढासळतो.

सिद्धतेचा भार सुरुवातीला तक्रारदारावर असतो, पण तो शेवटपर्यंत त्याच्याच डोक्यावर राहत नाही. तक्रारदाराने प्रथमदर्शनी पुरेसे साहित्य मांडले की आम्ही काळजी घेतली हे दाखवण्याची जबाबदारी रुग्णालयाकडे जाते. २००४ सालच्या सविता गर्ग आणि २००९ सालच्या निझाम्स इन्स्टिट्यूटच्या निकालांत हे स्पष्ट झाले आहे. शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर बाहेरून आलेले होते, आमच्या पगारावर नव्हते, एवढे म्हणून रुग्णालयाला हात झटकता येत नाहीत, हेही सविता गर्ग प्रकरणातच ठरले. शिवाय इथे फौजदारी खटल्याप्रमाणे शंकेला जागा न ठेवता सिद्ध करावे लागत नाही. शक्यतेचे पारडे आपल्या बाजूला झुकले तरी पुरते.

तज्ज्ञाचे मत प्रत्येक प्रकरणात बंधनकारक नाही. मलेरियाच्या रुग्णाला विषमज्वराचे उपचार दिल्याच्या व्ही. किशन राव प्रकरणात २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने तसे सांगितले. काही चुका तर स्वतःच बोलतात. औरंगाबादच्या शासकीय रुग्णालयात १९६३ साली कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियेनंतर एका बाईंच्या पोटात कापड राहून गेले होते. त्या अच्युतराव खोडवा प्रकरणात १९९६ साली राज्य शासनाला जबाबदार धरताना, कापड आत कसे राहिले हे तक्रारदाराने समजावून सांगावे अशी अपेक्षा कोणी केली नाही. पण पित्तनलिकेची इजा या वर्गात बसत नाही, कारण पुरेशी काळजी घेऊनही ती क्वचित होऊ शकते. म्हणून आपल्याला तज्ज्ञाचे लेखी मत लागेल असे धरून चला, आणि ते पित्तनलिकेच्या शस्त्रक्रियांचा अनुभव असलेल्या शल्यचिकित्सकाचे असावे.

संमतिपत्राबद्दल आपण जे लिहिले ते महत्त्वाचे आहे. समीरा कोहली प्रकरणात २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की सज्ञान आणि निर्णयक्षम रुग्णाची संमती स्वतः रुग्णाकडूनच घ्यायला हवी; तिथे रुग्णाच्या आईची संमती ग्राह्य धरली गेली नाही. शुद्धीत असलेल्या बाईंऐवजी त्यांच्या मुलाची सही घेणे ही त्रुटीच आहे. मात्र या एका त्रुटीवर साडेनऊ लाखांची मागणी टिकणार नाही, कारण नीट विचारले असते तरी आईंनी ही शस्त्रक्रिया करून घेतलीच असती, असे डॉक्टरांचे वकील म्हणतील आणि आपल्या लिखाणावरून ते खरेही दिसते. उलट बाजूने पाहता, संमतिपत्रावरची सही ही निष्काळजीपणाला दिलेली माफी नसते. धोका सांगितला होता म्हणून तो टाळण्याची काळजी घेण्याचे कर्तव्य संपत नाही.

पोलिसांत जाऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. फौजदारी जबाबदारीसाठी ढोबळ, अक्षम्य स्वरूपाचा निष्काळजीपणा लागतो आणि त्यासाठी दुसऱ्या डॉक्टरचे विश्वासार्ह मत आधी हवे, असे जेकब मॅथ्यू निकालात आहे. भारतीय न्याय संहितेतले कलम १०६ तर मृत्यू झाला असेल तरच लागते. महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे तक्रार करता येते, पण परिषद शिस्तभंगाची कारवाई करते, भरपाई देत नाही, आणि परवाना जावा असे आपल्याला वाटतही नाही. आपल्यासाठी मार्ग ग्राहक आयोगाचा. पैसे देऊन घेतलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते हे १९९५ पासून ठरलेले आहे. २०१९ च्या कायद्यानुसार कोणत्या आयोगाकडे जायचे हे मागितलेल्या भरपाईवर नव्हे, तर सेवेसाठी दिलेल्या रकमेवर ठरते. आपण ९५ हजार दिलेत, म्हणून पुणे जिल्हा आयोग. आणि ती रक्कम ५ लाखांच्या आत असल्याने तक्रारीला शुल्क नाही.

आता सर्वांत तातडीचे. तक्रारीची मुदत दोन वर्षांची आहे आणि आपले १४ महिने गेले आहेत. आजच दोन्ही रुग्णालयांना लेखी अर्ज देऊन संपूर्ण इनडोअर केसपेपर मागा: डॉक्टरांच्या रोजच्या नोंदी, ऑपरेशन नोट, भूलतज्ज्ञांची नोंद, सिस्टरांचे तक्ते, तपासण्यांचे अहवाल, सगळे. अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमावलीनुसार मागणीनंतर ७२ तासांत कागद द्यावे लागतात, आणि आंतररुग्णांचे कागद उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपून ठेवणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. डिस्चार्ज कार्ड दिले म्हणजे कागद दिले असे होत नाही.

निवृत्त_शल्यचिकित्सक यांचे उत्तर

मी ३० वर्षे शस्त्रक्रिया केल्या, त्यात पित्ताशयाच्या शेकड्यांनी. वकीलसाहेबांनी कायदा सांगितला. कागदांत काय पाहायचे ते मी सांगतो, कारण एका डॉक्टरला दुसऱ्या डॉक्टरच्या कागदांत जे दिसते ते घरच्यांच्या नजरेतून सहज निसटते.

पित्ताशयापासून निघणारी एक बारीक नळी मुख्य पित्तनलिकेला मिळते. शस्त्रक्रियेत ती बारीक नळी आणि पित्ताशयाची धमनी एवढ्या दोनच गोष्टी कापायच्या असतात. वारंवार सूज येऊन गेलेल्या रुग्णात तिथले सगळे एकमेकांना चिकटलेले असते आणि मुख्य नलिकाच बारीक नळीसारखी भासू शकते. म्हणूनच कापण्यापूर्वी ती बारीक नळी, मुख्य नलिका आणि यकृत यांच्यामधला त्रिकोण पूर्ण मोकळा करून, पित्ताशयाकडे जाणाऱ्या दोनच रचना उरल्या आहेत याची खात्री करण्याची शिस्त १९९५ पासून जगभर शिकवली जाते. खात्री होत नसेल तर थांबावे, अनुभवी सहकाऱ्याला बोलवावे, पोट उघडावे किंवा पित्ताशयाचा काही भाग तसाच ठेवून बाहेर यावे. यातले काहीही करण्यात कमीपणा नाही. एवढे करूनही हजारात तीन ते पाच रुग्णांत इजा होते असे सामान्यतः मानले जाते, आणि चांगल्या हातांनीही ती होते. माझ्या हातून एकदा झाली आहे. त्या रुग्णाला मी त्याच दिवशी सर्व सांगितले आणि वरिष्ठांकडे घेऊन गेलो.

म्हणून, ताई, इजा झाली या एका गोष्टीवर माझ्या त्या सहकाऱ्याला मी दोषी म्हणणार नाही. मला खटकते ते नंतरचे. या शस्त्रक्रियेचा रुग्ण दुसऱ्या दिवशी उठून बसतो, चहा मागतो. जो रुग्ण २४ ते ४८ तासांत सुधारत नाही, ज्याचे दुखणे वाढते, पोट फुगते, नाडी जलद होते, त्याला पित्तगळती नाही हे सिद्ध होईपर्यंत ती आहे असेच धरून चालायचे असते. साधी सोनोग्राफी आणि यकृताची रक्ततपासणी, एवढ्यातून बहुधा संशय पक्का होतो. शस्त्रक्रियेत भरलेल्या वायूने खांदा दुखतो, पोट थोडे ताठ वाटते, पण ते दिवसागणिक कमी होत जाते. चौथ्या दिवशी वाढत नाही.

कागद हाती आले की ऑपरेशन नोट वाचा. कापण्यापूर्वी रचना ओळखल्याची नोंद आहे का? चिकटलेपणाचा उल्लेख आहे का, आणि असल्यास त्यावर काय केले ते लिहिले आहे का? मग मंगळवार रात्रीचा नाडी-तापमानाचा तक्ता पाहा. शस्त्रक्रियेचे चित्रीकरण ठेवले असेल तर तेही मागा.

पर्वती_पायथा यांनी पुढे लिहिले

आपणा दोघांची मी ऋणी आहे. अर्ज दिला, दोन वेळा चकरा माराव्या लागल्या, पण कागद मिळाले. एकूण ६४ पाने आहेत. चित्रीकरण ठेवलेले नाही असे लेखी उत्तर आले.

ऑपरेशन नोट तीन ओळींची आहे. पित्ताशय घट्ट चिकटलेले होते, नळी व धमनीला क्लिप लावून कापले, रक्तस्राव नाही, एवढेच इंग्रजीत लिहिले आहे. सिस्टरांच्या तक्त्यात मंगळवारच्या रात्री दोन वाजता नाडी ११८, ताप १००.८, "पोटात दुखते, उलटी १, ड्युटी डॉक्टरांना कळवले" अशी नोंद निळ्या शाईत आहे. त्यानंतर सकाळपर्यंत कोणत्याही डॉक्टरची नोंद नाही. बुधवारी साडेनऊ वाजता "रुग्ण स्थिर, घरी सोडावे" असे लिहिले आहे आणि डिस्चार्ज कार्डावर नाडी ८० छापलेली आहे. सहा वाजताच्या तक्त्यात मात्र ती ११२ आहे. रक्ततपासणी किंवा सोनोग्राफी झालेली नाही.

शिवाजीनगर_वकील यांचे उत्तर

रात्री दोनची ती ओळ जपून ठेवा. तक्रारीत मोठमोठी विशेषणे घालण्यापेक्षा त्या पानाची आणि डिस्चार्ज कार्डाची प्रत शेजारी-शेजारी जोडली तर आयोगाला अधिक समजेल. ती नोंद जाबदेणारांच्याच, म्हणजे ज्यांच्याविरुद्ध तक्रार आहे त्यांच्याच, कर्मचाऱ्यांनी, वाद उद्भवण्याच्या कितीतरी आधी, रोजच्या कामाच्या ओघात केलेली आहे. तिला "तक्रारदाराने नंतर रचलेली हकिगत" म्हणता येत नाही. तिच्यानंतर डॉक्टर खाटेपाशी आले होते, असे त्यांचे म्हणणे असेल तर ते त्यांना दाखवावे लागेल, आणि दाखवण्यासाठी कागदावर काही नाही. नोंद नाही म्हणजे ती गोष्ट घडलीच नाही असा नियम नाही. पण जे सहज लिहिता आले असते ते लिहिले गेले नाही, याचे वजन जाबदेणारांच्या विरुद्ध पडते. गुरुवारच्या दोन फोनसाठी मोबाईल कंपनीकडून कॉलचा तपशील आताच मागवा. तो फार काळ मिळत नाही.

आता एक गोष्ट मी आग्रहाने सांगतो, कारण अनेक तक्रारी इथेच चुकतात. आपल्या प्रकरणात दोन वेगवेगळे आरोप आहेत आणि दोहोंचे नुकसानही वेगळे आहे. पहिला आरोप शस्त्रक्रिया करताना काळजी न घेतल्याचा. तो सिद्ध झाला तर स्टेंट, मुक्काम आणि नंतरची मोठी शस्त्रक्रिया या सगळ्यांचा खर्च त्याच्याशी जोडता येतो. दुसरा आरोप इजा वेळेत न ओळखल्याचा. तो आपल्या कागदांवरून अधिक भक्कम दिसतो, पण त्यावर जाबदेणार विचारतील की बुधवारीच ओळखले असते तरी नलिकेची इजा होतीच, मग नंतरची शस्त्रक्रिया टळली असती का? या प्रश्नाचे उत्तर आपल्या तज्ज्ञाच्या मतात असले पाहिजे. चार दिवस पित्त पोटात साचल्याने जंतुसंसर्ग किती वाढला, मुक्काम किती लांबला, दुरुस्ती तीन महिने पुढे ढकलावी लागण्याचे तेच कारण होते का, हे त्यांनी मोघम न ठेवता लिहावे. "निष्काळजीपणा झाला आहे" एवढ्याच मजकुराचे दोन ओळींचे पत्र उलटतपासणीत किंवा लेखी प्रश्नावलीत टिकत नाही. दुसऱ्या रुग्णालयाच्या डॉक्टरांना मत मागितले तर ते कदाचित बिचकतील. पण त्यांनी पहिल्या दिवशी लिहिलेली प्रवेशनोंद आणि तपासण्यांचे अहवाल हाच तज्ज्ञाच्या मताचा पाया असतो, तेव्हा ते कागद आधी मिळवा.

तक्रारीत हे दोन आरोप वेगळे मांडा आणि भरपाईही त्याप्रमाणे वेगळी मागा. सगळे एकत्र मिसळले आणि पहिला आरोप पडला तर दुसऱ्यालाही धक्का बसतो.

चिंचवडकर यांचे उत्तर

वकीलसाहेबांनी आता जे लिहिले त्याची किंमत मी मोजली आहे, म्हणून लिहितो. माझ्या वडिलांना खोकला होता. छातीच्या एक्स-रेच्या अहवालात उजव्या फुप्फुसात गाठीसारखी सावली असून सीटी स्कॅन करावा असे स्पष्ट लिहिले होते. आमच्या डॉक्टरांनी तो अहवाल पाहिला, बाजूला ठेवला आणि चार महिने खोकल्याची औषधे दिली. कर्करोगाचे निदान झाले तेव्हा तो यकृतात पसरलेला होता. वडील सात महिन्यांनी गेले.

आम्ही तक्रार केली. अहवालाकडे दुर्लक्ष ही कसूर होती, हे निकालपत्रात स्वच्छ लिहिले आहे. पण चार महिने आधी निदान झाले असते तर उपचार वेगळा झाला असता किंवा आयुष्य वाढले असते, याचा कोणताही पुरावा तक्रारदाराने दिला नाही, असे नमूद करून मृत्यूबद्दलची भरपाईची मागणी फेटाळली गेली आणि मानसिक त्रासापोटी थोडी रक्कम मिळाली. आमच्याकडे एक्स-रे होता, अहवाल होता, चूक डोळ्यांसमोर होती, म्हणून कर्करोगतज्ज्ञाचे मत घ्यावे असे आम्हाला सुचलेच नाही. तो आजार पहिल्या दिवशी कोणत्या टप्प्यात होता हे आम्ही विचारायला हवे होते. उत्तर कदाचित आमच्या विरुद्ध गेले असते, पण निदान ते आम्हाला कळले असते. ताई, आपल्या आई हयात आहेत आणि कागद ताजे आहेत. तो एक प्रश्न तज्ज्ञांना आधी विचारा, तक्रार नंतर लिहा.

पुणे_तीस यांनी विचारले

याच विषयाला धरून विचारतो. वकिलाने अपील मुदतीत दाखल केले नाही आणि त्यामुळे जागेचा हक्क गेला, तर त्यांच्याविरुद्धही ग्राहक आयोगात जाता येते का?

शिवाजीनगर_वकील यांचे उत्तर

नाही. मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वकिलांची सेवा ग्राहक कायद्यात येत नाही असा निर्णय दिला. गैरवर्तनाची तक्रार ॲडव्होकेट्स ॲक्टच्या कलम ३५ खाली महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडे करता येते, आणि भरपाईसाठी दिवाणी न्यायालयात दावा लावावा लागतो. तिथेही चिंचवडकरांनी सांगितलेलीच अडचण येते: मुदत चुकली हे दाखवणे सोपे असते, पण अपील वेळेत झाले असते तर आपण ते जिंकले असते, हे जवळजवळ मूळ अपील चालवल्यासारखे सिद्ध करावे लागते. आपल्या बाबतीत आधी विलंबमाफीच्या अर्जासह अपील दाखल करता येते का, ते दुसऱ्या वकिलांकडून तातडीने तपासून घ्या.

पर्वती_पायथा यांनी पुढे लिहिले

चिंचवडकर, आपले वाचून मला रात्री झोप लागली नाही. आपण लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार.

पित्तनलिकेच्या शस्त्रक्रिया करणारे एक ज्येष्ठ डॉक्टर कागद वाचून मत द्यायला तयार झाले आहेत. मत आमच्या बाजूने असेलच असे नाही, हे त्यांनी आधीच सांगितले आणि मला ते योग्य वाटले. मला आणखी दोन गोष्टी विचारायच्या आहेत. ओळखीचे एक गृहस्थ म्हणतात की दोन वर्षांची मुदत दुसऱ्या शस्त्रक्रियेपासून मोजतात, त्यामुळे घाई करू नका. आणि आईला इंग्रजी येत नाही. तिचे शपथपत्र मराठीत चालेल का?

शिवाजीनगर_वकील यांचे उत्तर

घाई करा. मुदत तक्रारीचे कारण घडल्यापासून मोजतात, आणि आपल्याला इजा त्याच रविवारी कळली होती. १९९३ साली पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या एका परिचारिकेच्या पोटातला कापसाचा बोळा २००२ साली निघाला आणि तिने २००४ साली तक्रार केली. शस्त्रक्रियेनंतर लगेच दुखत होते आणि तिला वैद्यकीय ज्ञान होते, तरी तिने वेळेत शोध घेतला नाही, असे म्हणत सर्वोच्च न्यायालयाने ती तक्रार मुदतबाह्य ठरवली. विलंबमाफी मागता येते, पण हातात दहा महिने असताना तिच्या भरवशावर राहू नये. मत मिळाले की नोटीस पाठवू, आणि उत्तर येवो न येवो, सोळावा महिना संपण्याआधी तक्रार दाखल झालेली असू दे.

शपथपत्र मराठीत चालते, आणि आईंचे ते मराठीतच असावे. मंगळवारी संध्याकाळपासून शनिवारी सकाळपर्यंत त्यांना काय होत होते, कोणाला काय सांगितले आणि काय उत्तर मिळाले, हे त्यांना आठवेल तसे, त्यांच्याच शब्दांत, वेळेच्या क्रमाने लिहून घ्या. जे आठवत नाही ते आठवत नाही असेच लिहा. कच्चा मजकूर सिस्टरांच्या तक्त्याशी ताडून पाहण्यासाठी माझ्याकडे पाठवा. दुरुस्ती मी करणार नाही, फक्त वेळा तपासेन.